शी-मॅडम आणि मधलं

मॅडम "शी!" म्हणायच्या तेव्हा त्यांचा वरचा ओठ डाव्या बाजूने उचलला जायचा, नाकपुड्या आक्रसायच्या आणि खुर्ची वीतभर मागे सरकायची. समोर कोणाचं तरी उष्टं ताट असावं तसं. प्रत्यक्षात समोर कॉम्प्युटरचा पडदा असायचा, आणि त्यावर कोणीतरी पाठवलेली साधी यादी: विद्यार्थ्याचं नाव, खोली, मोबाइल नंबर, जेवण. "शी! नावाच्या रकान्यात मोबाइल नंबर. कुणी घातला हा? आणि घालताना त्याला ओकारी कशी आली न्हाई?" उत्तर द्यायला तिथे कोणी नसायचंच. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर चार वर्षं बसलो. ही शी मी दिवसातून दहा वेळा तरी ऐकली असेल, आणि खरं सांगतो, दहाच्या दहा वेळा तिला कारण होतं.

कचेरीत सगळे त्यांना तोंडावर मॅडम म्हणायचे आणि पाठीमागे शी-मॅडम. हे त्यांना ठाऊक होतं. एकदा त्यांच्या वाढदिवसाला कोणीतरी आगाऊपणे केकवर तेच नाव घालून आणलं. मॅडम वाकून केक बघत म्हणाल्या, "नाव बरोबर हाय. क्रीम मात्र डालड्याचं दिसतंय. शी!" आणि एक घासही न खाता जागेवर जाऊन बसल्या. पुण्याच्या लोकांशी बोलताना त्या नीट 'आहे' म्हणायच्या. आमच्याशी, आणि किळस आली की कोणाशीही, 'हाय' यायचं.

आमची कंपनी म्हणजे पिरंगुटच्या पुढे, मुळशी रस्त्याला लागून असलेलं एक अवाढव्य स्वयंपाकघर. आसपासच्या टेकड्यांवर कॉलेजं झाली, कॉलेजांची वसतिगृहं झाली, आणि तिथल्या पोरापोरींना दोन वेळचे डबे पोचवायचं काम आमच्याकडे आलं. डब्यावर 'आईची आठवण' असं लाल अक्षरांत छापलेलं असे. आतली भाजी खाऊन ती येणं साहजिकच होतं.

या कामाला तीन प्रोग्राम लागत. वसतिगृहाच्या प्रोग्राममध्ये मुलं मोबाइलवरून खुणा करत: आज जेवणार की नाही, साधं की जैन, उपवास आहे का, कुठला पदार्थ अंगाला चालत नाही. स्वयंपाकघराचा प्रोग्राम कोणाचं काय शिजवायचं ते आचाऱ्यांना सांगे. तिसरा डब्यावर चिकटवायच्या चिठ्ठ्या छापे. तिन्ही वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या काळात केलेले. पहिला ज्याला 'जेवणार' म्हणे त्याला दुसरा 'हजर' म्हणे आणि तिसरा नुसतं 'एक'. अशा तिघांच्या मध्ये बसून एकाचं म्हणणं दुसऱ्याला कळेल असं पोचवणारा जो प्रोग्राम असतो, त्याला पुस्तकात मिडलवेअर म्हणतात. आम्ही त्याला 'मधलं' म्हणायचो. ते मधलं मॅडमनी उभं केलं होतं आणि मी त्यांच्या हाताखाली होतो.

पहिल्या दिवशी मी त्यांना विचारलं, या मधल्याचे नियम कुठे लिहिलेत? कॉलेजात शिकलेले मोठमोठे शब्द मी जिभेवर तयार ठेवले होते. मॅडम म्हणाल्या, "गावजेवणात वाढायला गेलायस कधी?" मी कोथरूडच्या सोसायटीत वाढलेला. नाही म्हणालो. "मग बस हितं आणि ऐक. आचारी आत, पंगत बाहेर, मध्ये वाढपी. वाढप्यानं मीठ घालायचं न्हाई. आचाऱ्यानं दिलं तसं पानात पोचवायचं. आणि पानावरचा माणूस नको म्हणाला, तर ते नको आचाऱ्यापर्यंत माघारी न्यायचं. वाटेत गिळायचं न्हाई. एवढंच." मला ते फारच बाळबोध वाटलं. चार दिवसांनी मी घरी सांगितलं की आमची वरिष्ठ बाई गावंढळ आहे.

त्यांचं गाव आमच्या स्वयंपाकघरापासून हाकेच्या अंतरावर. घरची भातशेती होती, त्यातली निम्मी विकली गेली होती, आणि घरावर दोन मजले चढवून कॉलेजच्या मुलींना खोल्या दिल्या होत्या. मॅडमनी लग्न केलं नाही. का, ते कोणी विचारलं नाही; विचारण्याची हिंमत मला तरी नव्हती. आषाढात मात्र त्या चार दिवस न चुकता सुट्टी घेऊन भाताच्या लावणीला जायच्या. कंपनी बुडत असती तरी गेल्या असत्या. परत यायच्या तेव्हा नखांत चिखल असायचा आणि ती नखं घेऊन त्या कीबोर्डवर अशा बसायच्या, की बघणाऱ्या साहेब लोकांनी तोंड फिरवावं. "हा चिखल चोख हाय," त्या म्हणायच्या. "तुमच्या फायली बघा आधी."

किळस त्यांच्यात आली कुठून, ते त्यांनी एकदाच सांगितलं. कॉलेज संपल्यावर त्यांची पहिली नोकरी गावच्या दूध संकलन केंद्रात होती. तिथे दुधाचा फॅट तपासणारा गडी कंटाळा आला की यंत्राला हातच लावत नसे. काल ज्याचा जो आकडा, तोच आज लिहून मोकळा. "आणि बघताना वही कशी सुंदर दिसायची म्हणून सांगू! एक रकाना रिकामा न्हाई. मला त्या वहीला हात लावायला किळस यायची." मॅडमना रिकामा रकाना चालायचा. चुकीचाही एक वेळ चालायचा, कारण चूक सापडते. कोणालाही न विचारता भरून टाकलेला रकाना त्यांना झुरळासारखा वाटायचा. "ठाऊक न्हाई तर ठाऊक न्हाई म्हणा की. जीभ झडते काय?"

रोज दुपारी त्या खाली स्वयंपाकघरात जाऊन रांगेतला कुठलाही एक डबा उचलायच्या, चिठ्ठी वाचायच्या आणि झाकण उघडून चिठ्ठीवर लिहिलंय तेच आत आहे का ते बघायच्या. मग तोच डबा जेवायच्या, नाक मुरडत, पण शेवटच्या शितापर्यंत. ज्याचा डबा उचलला त्याच्यासाठी दुसरा भरायला लावायच्या. आमचे मुख्य आचारी काशिनाथमामा त्यांच्याच गावचे. ते वैतागून म्हणायचे, "अक्का, आमच्यावर इस्वास न्हाई व्हय तुमचा?" मॅडम म्हणायच्या, "मामा, तुमच्यावर हाय. माझ्यावर न्हाई. माझ्याकडनं आलेली चिठ्ठी तपासतीय."

विकायला येणाऱ्यांचे तर त्या हालच करायच्या. एकदा एक टायवाला गृहस्थ आला. त्याच्या मिडलवेअरमध्ये म्हणे एक बटण दाबलं की सगळे प्रोग्राम आपोआप जोडले जातात. रंगीत वर्तुळं, बाण, सरकणाऱ्या रेघा. आमचे संचालक साहेब मान डोलवत होते. मॅडमनी विचारलं, "दोन प्रोग्रामांनी एकाच पोराबद्दल दोन गोष्टी सांगितल्या, तर तुमचं बटण कुणाचं ऐकतं?" तो म्हणाला, ते आपोआप ठरवतं. "कशावरून?" तो हसला. मॅडम उठून बाहेर आल्या आणि मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "नुसता लवासा. बाहेरनं रंगवलेल्या खिडक्या, आत दिवा लावायला माणूस न्हाई."

आता मुख्य गोष्टीकडे यायला हवं. ती टाळायची म्हणून मी इतका वेळ केकचं आणि टायवाल्याचं सांगत बसलो.

स्वयंपाकघराच्या जुनाट प्रोग्राममध्ये जेवणाच्या प्रकाराला एकच रकाना होता. वसतिगृहाच्या प्रोग्राममध्ये मुलं हव्या तितक्या खुणा करू शकत. एका मुलाच्या दोन खुणा आल्या तर त्यातली कुठली पुढे द्यायची? मॅडमचं उत्तर होतं, कुठलीही नाही. तो निरोप थांबवायचा, पडद्यावर लाल ओळीत दाखवायचा, आणि माणसाने माणसाला फोन करून विचारायचं. रोज सकाळी त्या थांबलेल्यांची यादी घेऊन बसायच्या आणि वॉर्डन बायांना फोन लावायच्या. "तुमच्या दोनशे चारमधल्या पोराला जैन पण पायजे आणि अंडं पण पायजे. उठवा त्याला आणि विचारा, नेमका कोण हायेस तू." उत्तर आलं की त्या चिठ्ठीवर हाताने लिहून मामांकडे पाठवायच्या. या लाल ओळी साहेबांच्या डोळ्यांत खुपत. त्यांच्या लेखी लाल म्हणजे बिघाड.

त्या वर्षी साक्षी नावाची एक मुलगी टेकडीवरच्या एका वसतिगृहात राहायला आली. सांगलीकडची. तिला शेंगदाणे चालत नव्हते, म्हणजे आवडत नव्हते असं नाही. एक दाणा पोटात गेला तरी तिचा घसा सुजून श्वास बंद होत असे. आणि आमच्या स्वयंपाकघरात तर शेंगदाण्याचं कूट जिकडेतिकडे. भाजीत, कोशिंबिरीत, चटणीत, कशातच नसेल तर वरून. तिच्या आईने पहिल्याच आठवड्यात थेट आमच्या कचेरीत फोन केला होता. मॅडमनी तिला सगळं समजावून सांगितलं, मुलीला प्रोग्राममध्ये खूण करायला लावली, मग खाली जाऊन मामांना म्हणाल्या, "मामा, हिची कढई येगळी, झारा येगळा. हिची चिठ्ठी माझ्याकडनं नीट येईल, तिची जिम्मेदारी माझी." वर आल्यावर मला म्हणाल्या, "या एका पोरीसाठी मधलं बरोबर चाललं पायजे. बाकीच्यांचं चुकलं तर शिव्या खाऊ."

त्या वर्षी लावणी आणि आषाढी एकादशी एकाच आठवड्यात आली. मॅडम रजेवर जाताना एवढंच म्हणाल्या, "थांबलेलं थांबू दे. फोन करीत बस. कंटाळून सोडू नको." एकादशीच्या आदल्या दिवशी मोबाइलवर उपवासाच्या खुणांचा पाऊस पडला. वर्षभर देवाचं नाव न घेणारी, कुठल्या कुठल्या राज्यांतून आलेली मुलंसुद्धा साबुदाण्याच्या खिचडीसाठी त्या दिवशी उपवासवाली होतात. ज्यांची आधीची एखादी खूण होती त्या सगळ्यांच्या आता दोन झाल्या. पडदा वरपासून खालपर्यंत लाल. मी सकाळपासून फोन करत होतो. निम्म्या वॉर्डन उचलत नव्हत्या, उरलेल्या माझ्यावर खेकसत होत्या.

चारच्या सुमाराला साहेब आले. दुसऱ्या दिवशी सकाळी एका नव्या कॉलेजचे पाहुणे आमची व्यवस्था बघायला येणार होते. "हे लाल काय आहे?" मी सांगितलं. "अरे, उपवास म्हटलं की उपवास. त्यात विचारायचं काय? तू इंजिनिअर आहेस ना? मॅडमचं मी समजू शकतो, त्या जुन्या वळणाच्या आहेत. मला उद्या पडदा हिरवा हवा." मी एक ओळ लिहिली. दोन खुणा आल्या तर शेवटची धर. वीस मिनिटांचं काम. पडदा हिरवागार झाला. साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना मला स्वतःची शिसारी येते, पण बरं वाटलं होतं. मॅडमना चार वर्षांत जे सुचलं नाही ते मला वीस मिनिटांत सुचलं, असंसुद्धा मनात येऊन गेलं.

साक्षीने शेंगदाण्याची खूण कॉलेज सुरू झालं तेव्हा केली होती. उपवासाची त्या दुपारी केली. शेवटची उपवासाची. मधल्याने तेवढी पुढे दिली आणि दुसरी गिळली. तिच्या मोबाइलवर मात्र दोन्ही खुणा दिसत होत्या. घरी तिची आई तिच्यासाठी खिचडीत कूट न घालता खोबरं घालते, त्यामुळे एकादशीला डब्यातली खिचडी बघून तिला काहीच वाटलं नाही. दोन-तीन चमचे तिने खाल्ले. साडेबाराला वॉर्डनचा फोन आला तेव्हा तिला गाडीत घालून शहरातल्या इस्पितळाकडे नेत होते, आणि आमचे पाहुणे हिरव्या पडद्यासमोर उभे राहून फोटो काढत होते.

मुलगी वाचली, हे आधीच सांगून टाकतो. दोन दिवस अतिदक्षता विभागात होती.

त्या दुपारी साहेबांच्या केबिनमध्ये मामांना बोलावलं. मामा दारातच उभे राहिले. "चिठ्ठीवर उपवास हुतं साहेब. एवढ्या डब्यांत नाव कुटं ध्यानात ऱ्हातंय, आमी चिठ्ठी बगून भरतो. शेंगदाणा न्हाई असं कुटं लिवलं हुतं, दावा मला." साहेबांनी एकदम सुटल्यासारखा श्वास सोडला. म्हणजे चिठ्ठीवर नव्हतं. म्हणजे मुलीने कळवलंच नव्हतं. मामा गेल्यावर त्यांनी वसतिगृहाला पाठवायचा खुलासा सांगायला सुरुवात केली आणि मी टाइप करत गेलो: सदर विद्यार्थिनीने अ‍ॅलर्जीबाबत कोणतीही सूचना भरलेली नव्हती. खाली तांत्रिक विभागाची सही. मॅडम नव्हत्या, म्हणून ती मी केली. नेहमीसारखी, शेपटी ओढलेली सही आली. "आणि मधल्यातलं जुनं रेकॉर्ड साफ करून टाक," साहेब म्हणाले. "नेहमीची साफसफाई म्हणून." ते मात्र मी केलं नाही. त्यात माझा मोठेपणा शोधू नये. साफसफाईचा पासवर्ड फक्त मॅडमकडे होता.

मॅडम दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या. वॉर्डनने त्यांना कळवलं होतं. त्यांनी रेनकोटही काढला नाही. मधल्यात आलेला प्रत्येक निरोप जसा आला तसा जपलेला असतो, आणि पुढे काय दिलं तेही. त्यांनी साक्षीचं पान उघडलं. आल्या दोन खुणा. गेली एक. मग त्यांनी मधल्यात शेवटचा बदल कोणी केला ते उघडलं. तिथे बदल करणाऱ्याचं नाव आपोआप पडतं.

"तू केलंस?"

"साहेब म्हणाले, पडदा..."

"मी ते इचारलं न्हाई."

"हो. मी केलं."

त्यांनी मान हलवली. त्यांच्या रेनकोटवरून फरशीवर पाणी टपकत होतं. मग त्या साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या, आणि दार लावलेलं असूनही मला सगळं ऐकू आलं. साहेबांचा आवाज समजुतीचा होता. मुलगी बरी होते आहे. हे बाहेर गेलं तर टेकडीवरचं सगळं काम जाईल. तुमच्याच गावच्या पन्नास बाया खाली पोळ्या लाटतात, त्यांच्या चुली बंद करणार का तुम्ही? मॅडम म्हणाल्या, "चला खाली. त्या बायांनाच इचारू. लेकरानं लिवून दिल्यालं, ते लिवलंच न्हाई असं कागदावर म्हनू का, म्हणून इचारू." साहेब खाली गेले नाहीत.

मॅडम बाहेर आल्या, काय आलं आणि काय गेलं ती साक्षीची दोन पानं छापली, प्लास्टिकच्या फायलीत घातली आणि मला म्हणाल्या, "चल." त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी इस्पितळापर्यंत गेलो. पाऊस तोंडावर मारत होता. आत जायच्या दारापाशी मी म्हणालो, "मॅडम, तुम्ही व्हा पुढे, मी गाडी बघतो." त्या पार्किंगमध्ये पहारेकरी होता, साखळी होती, आणि ती तेरा वर्षांची स्कूटर कोणी फुकट दिली तरी नेली नसती. मॅडमनी माझ्याकडे बघितलं, फाइल माझ्या हातातून घेतली आणि जिना चढून गेल्या.

मी तासभर तिथे उभा होतो. चहाच्या टपरीवर दोन कप चहा प्यायलो. तिथला कळकट फडका, बशीत साचलेलं पाणी, त्यात बुडलेली माशी, सगळं मला अजून जसंच्या तसं आठवतं. मॅडम खाली आल्या आणि म्हणाल्या, "सांगितलं." काय सांगितलं, मी विचारलं. "हेच, की तुमच्या पोरीनं लिवलं हुतं. आमच्यापाशी आलं हुतं. आमी पुढं दिलं न्हाई." माझं नाव घेतलं का, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही, कारण विचारण्यातच सगळं उघडं पडलं असतं. मला बसनं घरी जायचंय, असं सांगून मी सटकलो.

पुढचं फार लांबवत नाही. खोटा खुलासा मागे घ्यावा लागला. कंपनीने माफीचं पत्र दिलं, आणि काम काही गेलं नाही, कारण त्या टेकड्यांवर रोज इतके डबे चढवणारं दुसरं कोणी नव्हतंच. म्हणजे साहेबांना वाटणारी भीतीसुद्धा खोटीच निघाली. गेल्या त्या मॅडम. गोपनीय माहिती बाहेर दिली म्हणून त्यांना काढलं. माझं नाव त्यानंतरच्या कुठल्याही कागदावर आलं नाही. मॅडमनी ते येऊ दिलं नाही, हे मला ठाऊक होतं, आणि मी गप्प बसलो.

जायच्या आधीच्या तीन दिवसांत त्यांनी माझी ओळ काढून टाकली, थांबवायची व्यवस्था पुन्हा बसवली आणि ती कोणालाही, साहेबांनाही, एकट्याने बदलता येणार नाही अशी करून ठेवली. एकेक वॉर्डनला स्वतः फोन करून माझा नंबर दिला. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पर्स खांद्याला लावून माझ्या टेबलापाशी आल्या. मला वाटलं, आता बोलतील. बोलल्या, पण अगदी साधं. "लाल दिसलं की घाबरू नको. लाल म्हंजे कुणीतरी काहीतरी सांगतंय. फोन उचलायचा आणि बोलायचं. यंत्राला जमत न्हाई तितंच आपली गरज असती." आणि गेल्या. कंपनीने निरोप समारंभ केला नाही. मीही फाटकापर्यंत गेलो नाही.

त्यांच्या खुर्चीवर आता मी बसतो. मामांकडून त्यांची खबर मिळत असे. खोल्यांमध्ये राहणाऱ्या मुलींना त्या आता घरीच जेवू घालतात. "सैपाकघराच्या दारात फळा लावलाय अक्कानं," मामा सांगायचे. "कुनाला काय चालत न्हाई ते लिवलंय. आन रोज सकाळी परत इचारत्यात. पोरी वैतागत्यात." मी हसायचो. त्यांना फोन मात्र केला नाही. किती वेळा नंबर काढला आणि परत मोबाइल खिशात टाकला, ते माझं मला माहीत.

त्याच्या पुढच्या वर्षी कंपनीच्या वर्धापनदिनाला साहेबांनी मला स्टेजवर बोलावलं. वसतिगृह, स्वयंपाकघर आणि चिठ्ठ्या अशा तिन्ही प्रोग्रामांच्या 'यशस्वी एकत्रीकरणाबद्दल' काचेचं सन्मानचिन्ह. त्यावर माझं नाव सोनेरी अक्षरांत. टाळ्या वाजल्या. साहेबांचा ओला, जाडजूड हात माझ्या खांद्यावर पडला आणि फोटो काढून झाल्याबरोबर मी मोरीकडे धावलो. खरंच ओकलो. तोंड धुऊन वर बघितलं तर आरशात तोच चेहरा, ज्याने पडदा हिरवा केला होता. त्या काचेच्या तुकड्यावर जे नाव हवं होतं ते तिथे नव्हतं, आणि त्या जुन्या खुलाशाखाली ज्याची सही होती त्याचंच नाव तिथे होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी साक्षीच्या आईला फोन केला. नंबर अजून मधल्यातल्या जुन्या पानावर होता. त्या एकादशीला तेव्हा चौदा महिने होऊन गेले होते. पलीकडून एका बाईंचा आवाज आला. मी नाव सांगितलं, कंपनी सांगितली, आणि पाठ करून ठेवलेलं एका दमात बोलून टाकलं. तुमच्या मुलीने लिहून दिलं होतं. ते पुढे गेलं नाही ते माझ्या हातून. तिने भरलंच नव्हतं, या कागदावर सही केली तीही मीच. मॅडमनी त्यातलं काहीही केलं नव्हतं.

फोनच्या पलीकडे मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली आणि गॅस बारीक केल्याचा आवाज आला.

"तुमीच व्हय ते," त्या म्हणाल्या. "मॅडम बोलल्या हुत्या मला, तितं दवाखान्यात. खाली गाडीपाशी आमचा एक पोरगा उभा हाय म्हनल्या. त्याचा पाय आत्ता उचलत न्हाई, पर आठ दिसांत तुमाला फोन करील. त्याला वरडू नका म्हनल्या."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आठ दिस मी फोन हातातनं खाली ठिवला न्हाई," त्या म्हणाल्या. "मंग म्हनलं, एवढी शानी बाई, पर मानसाची पारख चुकली."